संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्गात जाण्यापूर्वी

बारावीची परीक्षा संपल्यापासून महाविद्यालयाचे पहिले सत्र सुरू होईपर्यंत विद्यार्थ्याच्या हाती काही महिन्यांचा मोकळा काळ असतो. ज्याने संगणकशास्त्र हा विषय घ्यावयाचे ठरविले आहे, त्याला या काळात दोन सल्ले हटकून मिळतात. एखाद्या शिकवणीच्या वर्गात नाव घालून सी किंवा पायथन ही भाषा शिकून घ्यावी, हा पहिला. आणि चांगला भारी लॅपटॉप विकत घ्यावा, हा दुसरा. दोन्ही सल्ले सद्‌हेतूनेच दिलेले असतात. परंतु त्यांच्यामागे एक समजूत दडलेली असते. संगणकशास्त्र म्हणजे एक यंत्र हाताळण्याचे आणि त्या यंत्राची भाषा बोलण्याचे कौशल्य होय, ही ती समजूत. तिने दोन प्रकारच्या विद्यार्थ्यांचे नुकसान केले आहे. ज्यांच्या शाळेत संगणकाची प्रयोगशाळा होती, ते निम्मा अभ्यासक्रम आपल्याला अगोदरच येतो अशा भ्रमात वर्गात येऊन बसतात. ज्यांच्या शाळेत ती नव्हती, किंवा होती पण तिला बहुतेक वेळ कुलूपच असे, ते शेजारच्या मुलाची बोटे कळफलकावर भराभर चालताना पाहतात आणि पहिल्याच आठवड्यात स्वतःविषयी प्रतिकूल निकाल देऊन मोकळे होतात. नुकसान दोघांचेही होते. परंतु दुसऱ्याचे अधिक, कारण तो पुष्कळदा विषयच सोडून देतो.

ही भीती कितपत साधार आहे, याचा एक चांगला शोध अमेरिकेत घेतला गेला आहे. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ साली संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात नव्याने प्रवेश घेणाऱ्यांत मुलींचे प्रमाण अवघे ७ टक्के होते, आणि ज्या येत त्यांच्यापैकीही अनेकजणी मध्येच तो सोडून जात. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी काही वर्षे तेथील विद्यार्थ्यांशी आणि विद्यार्थिनींशी वारंवार बोलून याची कारणे धुंडाळली व २००२ साली ती पुस्तकरूपाने मांडली. विद्यापीठात येण्यापूर्वी आज्ञावली लिहिण्याचा किती अनुभव होता, यावरून पुढे कोण यशस्वी होईल हे सांगता येत नाही, असे त्यांना आढळून आले. अनुभवी मुले प्रारंभी पुढे असत हे खरे. पण मागे असलेल्यांना मागे ठेवणारी गोष्ट ज्ञानाची उणीव ही नसून, ‘आपण या जागेचे नव्हेत’ ही भावना होती. विद्यापीठाने प्रवेश देताना पूर्वानुभवाला दिले जाणारे महत्त्व कमी केले आणि निरनिराळ्या तयारीच्या मुलांसाठी सुरुवातीचे निरनिराळे मार्ग ठेवले. २००० साली मुलींचे प्रमाण ४२ टक्क्यांवर गेले होते. आपल्याकडे जिल्ह्याच्या गावातून किंवा मातृभाषेच्या शाळेतून येणाऱ्या विद्यार्थ्याची, मग तो मुलगा असो वा मुलगी, मनःस्थिती त्या मुलींहून फारशी वेगळी नसते.

मग तयारी करावयाची ती कशाची? या शास्त्राच्या केंद्रस्थानी यंत्र नाही, भाषाही नाही, रीत आहे. इंग्रजीत जिला अल्गोरिदम म्हणतात, तिला आपण येथे रीत असेच म्हणू. दिलेल्या माहितीपासून उत्तरापर्यंत नेणाऱ्या, अर्थाविषयी संदेह न ठेवणाऱ्या आणि कधीतरी संपणाऱ्या पायऱ्यांचा क्रम म्हणजे रीत. आज्ञावली म्हणजे हीच रीत यंत्राला समजेल अशा भाषेत मांडणे. असा विद्यार्थी नाही, ज्याने शाळेत एकही रीत शिकलेली नाही. मात्र ती शिकताना तिच्याकडे रीत म्हणून पाहण्याची सवय आपल्या शाळा लावीत नाहीत.

मसावि काढण्याची भागाकाराची रीत घ्या. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागावे. बाकी शून्य उरली, तर भाजक हाच मसावि. ती शून्य नसेल, तर भाजकाला भाज्य करावे, बाकीला भाजक करावे आणि पुन्हा भागावे. ३९१ आणि २९९ या संख्या घेतल्या तर पहिल्या भागाकारात बाकी ९२ उरते. २९९ ला ९२ ने भागले की २३ उरतात. ९२ ला २३ ने भागले की काहीच उरत नाही. मसावि २३. ही रीत ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडने ग्रथित केली. आणि परस्परांना भागत जाण्याचीच युक्ती आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथातील ‘कुट्टक’ या रीतीच्या मुळाशी आहे. कुट्टक म्हणजे कुटून बारीक करणारा. संख्या कुटून कुटून लहान करीत जाण्याची ही कल्पना त्या नावातच बोलून दाखविली आहे.

शाळेत आपण येथे थांबतो, कारण उत्तर मिळालेले असते. संगणकशास्त्र येथून पुढे सुरू होते. ही रीत नेहमी संपतेच असे कशावरून? प्रत्येक वेळी उरणारी बाकी भाजकापेक्षा लहान असते आणि ती शून्याच्या खाली जाऊ शकत नाही. घटत जाणारी पूर्ण संख्या केव्हा तरी शून्यावर येऊन टेकणारच. उत्तर बरोबरच असते असे कशावरून? जी संख्या भाज्य व भाजक या दोहोंना निःशेष भागते ती बाकीलाही भागते, आणि जी भाजकाला व बाकीला भागते ती भाज्यालाही भागते. म्हणजे जोडी बदलली तरी तिचे साधारण विभाजक तेच राहतात. वेळ किती लागेल? दर दोन भागाकारांत मोठी संख्या निम्म्याहूनही खाली येते, तेव्हा संख्या प्रचंड असल्या तरी भागाकार थोडेच करावे लागतात. आणि कोणी चुकून लहान संख्या आधी दिली तर? २९९ ला ३९१ ने भागले असता भागाकार शून्य येतो व बाकी २९९ उरते, म्हणजे पहिल्याच पायरीत जोडी आपोआप उलटते. रीत बिघडत नाही. पण दोहोंपैकी लहान संख्या शून्य असेल, तर पहिल्याच पायरीत शून्याने भागण्याचा प्रसंग येतो आणि रीत कोलमडते. त्यासाठी प्रारंभीच एक तपासणी घालावी लागते. पहिल्या सत्रात जे शिकावयाचे असते, त्यातील बराचसा गाभा या एका उदाहरणात आलेला आहे, आणि त्याला कागद-पेन्सिलीपलीकडे काहीही लागलेले नाही.

सत्र सुरू झाल्यावर पहिला अडथळा मात्र अगदी अनपेक्षित जागी येतो. फळ्यावर शिक्षक लिहितात : क्ष = क्ष + १. ज्याने पाच-सात वर्षे बीजगणित मनापासून केले आहे, त्याला हे विधान धडधडीत खोटे वाटते, कारण कोणतीही संख्या स्वतःपेक्षा एकाने मोठी असू शकत नाही. जो गणितात चांगला तोच येथे अधिक अडखळतो, ही मौज लक्षात घेण्याजोगी आहे. उलगडा असा, की येथे ‘=’ हे चिन्ह बरोबरी सांगत नाही; ते आज्ञा करते. उजवीकडील मूल्य काढ आणि डावीकडील नावाच्या जागी ते लिही, अशी ती आज्ञा. समजावून सांगताना बहुतेक पुस्तके डब्याचा दृष्टान्त देतात : चल म्हणजे डबा, मूल्य म्हणजे त्यात ठेवलेली वस्तू. प्रस्तुत लेखकाच्या मते हा दृष्टान्त फसवा आहे. डब्यात दोन वस्तू राहू शकतात, आणि एका डब्यातील वस्तू दुसऱ्यात घातली की पहिला रिकामा होतो. चलाचे यांपैकी काहीच होत नाही. त्यापेक्षा पाटीचा दृष्टान्त बरा. अ आणि ब अशा दोन पाट्या आहेत. ‘अ = ब’ म्हणजे अ ही पाटी पुसून तीवर ब वरचा आकडा उतरून काढणे. ब वरचा आकडा तसाच राहतो. अ वरचा जुना आकडा मात्र कायमचा गेला. म्हणूनच दोन पाट्यांवरील आकड्यांची अदलाबदल करावयाची असेल तर तिसरी पाटी घ्यावी लागते, हे मग सांगावेही लागत नाही.

या पाट्या कागदावर मांडून आज्ञावली ओळीओळीने स्वतः चालवून पाहणे, हा पूर्वतयारीतील सर्वांत मोलाचा व्यायाम होय. एक छोटी आज्ञावली पाहा. आरंभी बेरीज = ०, क्ष = १. जोवर क्ष हा ५ पेक्षा मोठा झालेला नाही, तोवर दोन गोष्टी करीत राहावे : बेरीज = बेरीज + क्ष, आणि मग क्ष = क्ष + १. शेवटी बेरीज किती, हे कोणीही सांगेल : १५. पण शेवटी क्ष किती? पुष्कळजण ५ असे उत्तर देतात. कागदावर पाट्या मांडल्या की दिसते, की ५ मिळविल्यानंतरही क्ष एकाने वाढतो, तो ६ होतो आणि तेव्हाच ‘५ पेक्षा मोठा’ ही अट पुरी होऊन फेऱ्या थांबतात. एकाने चुकण्याची ही चूक नवख्यांची म्हणून समजली जाते. प्रत्यक्षात ती मुरलेल्यांचीही पाठ सोडीत नाही.

कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत १९६३ साली आयबीएम १६२० हा संगणक आला, आणि देशातील संगणक-शिक्षणाचा आरंभ बऱ्याच अंशी तेथे झाला. तेथे शिकविणारे प्रा. व्ही. राजारामन यांची पाठ्यपुस्तके पुढे अनेक पिढ्यांनी वापरली. त्या काळी साऱ्या संस्थेला मिळून एखादेच यंत्र असे. पंच केलेली कार्डे द्यावयाची आणि निकालाची वाट पाहावयाची, असा क्रम होता. एका स्वल्पविरामाच्या चुकीपायी खेप वाया जाऊ नये म्हणून विद्यार्थी आपली आज्ञावली अगोदर कागदावर पुन:पुन्हा चालवून पाहत. आज यंत्र क्षणात उत्तर देते. म्हणून विद्यार्थी विचार न करताच ती चालवितो, चुकली की एखादी ओळ अंदाजाने बदलतो आणि पुन्हा चालवितो. यंत्रांच्या त्या दुष्काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण त्याने लावलेली ही एक सवय आज मुद्दाम लावून घ्यावी लागते.

काटेकोरपणा किती दुर्मीळ असतो याचे उत्तम उदाहरण म्हणजे शोधण्याची एक साधी रीत. शब्दकोशात शब्द पाहताना आपण पहिल्या पानापासून एकेक पान उलटीत नाही. मधोमध उघडतो, हवा असलेला शब्द त्या पानाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे पाहतो, अर्धा कोश बाजूला टाकतो आणि उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा तसेच करतो. वर्णानुक्रमे लावलेल्या एक लाख नावांच्या यादीत या रीतीने फार तर १७ वेळा पाहावे लागते. दहा लाखांच्या यादीत २० वेळा. शंभर कोटींच्या यादीतही ३० वेळा पुरते. दोनचा कितवा घात केला असता ती संख्या ओलांडली जाते, एवढाच तो हिशेब आहे. अकरावीच्या पुस्तकातील लॉगरिदम येथे एकाएकी जिवंत होतो : एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येईल, या प्रश्नाचे ते उत्तर आहे.

रीत मुलांनाही समजते. तरी ती लिहून काढणे अवघड जाते. संगणकासाठी ती प्रथम १९४६ साली मांडली गेली; पण कोणत्याही लांबीच्या यादीवर बिनचूक चालणारे तिचे रूप छापून येण्यास आणखी चौदा-पंधरा वर्षे लागली. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ जॉन बेंटली यांनी व्यवसायाने आज्ञावली लिहिणाऱ्या शंभरांहून अधिक लोकांना दोन तासांचा वेळ देऊन हीच रीत लिहावयास सांगितली. त्यांपैकी सुमारे ९० टक्के लोकांच्या आज्ञावलीत दोष निघाले, असे त्यांनी नमूद केले आहे. चुका ठरलेल्या जागी होतात. मधले पान पाहून झाल्यावर उरलेल्या भागात ते धरावयाचे की सोडावयाचे? यादीत एकच नाव असेल तर? नाव यादीत नसेलच तर? शेवटच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले, तर आज्ञावली त्याच दोन पानांमध्ये अनंतकाळ घोटाळत राहते.

कथा येथेही संपत नाही. २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केले, की जावा भाषेच्या ग्रंथालयात सुमारे नऊ वर्षे जगभर वापरली जाणारी ही रीत सदोष होती. आणि तोच दोष बेंटली यांनी आपल्या पुस्तकात तपासून दिलेल्या आज्ञावलीतही होता. मधली जागा काढण्यासाठी दोन्ही टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून तिला दोनने भागले जाई. गणित म्हणून यात काहीच वावगे नाही. परंतु तेथे पूर्णांकासाठी राखलेल्या जागेत २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. यादी फारच लांब असली की बेरीज ही मर्यादा ओलांडते आणि ऋण होऊन बसते. उपाय एका ओळीचा आहे : दोन टोकांतील अंतर निम्मे करून ते लहान टोकात मिळवावे. पायथन भाषेत पूर्णांकाला अशी मर्यादा नसल्याने हा दोष तेथे उद्‌भवत नाही. भाषाभाषांत जो खरा फरक असतो तो असा असतो, आणि तो पहिली रीत नीट समजल्यावरच कळू लागतो.

गणिताची तयारी किती असावी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. कलनशास्त्र पहिल्या दिवशी लागत नाही. लागते ते तर्कशुद्ध वाक्य. ‘या वर्गातील प्रत्येकजण उत्तीर्ण झाला’ याचा नकार ‘कोणीच उत्तीर्ण झाला नाही’ असा नसून ‘निदान एकजण अनुत्तीर्ण झाला’ असा आहे. ‘वय अठरा पूर्ण आहे आणि नाव यादीत आहे’ याच्या नकारात ‘आणि’चे ‘किंवा’ होते. बोलण्यात आपण हे सैलपणे घेतो आणि निभावूनही जाते. यंत्रापुढे ते निभावत नाही. याखेरीज दोनच्या दहाव्या घातापर्यंतचे आकडे तोंडपाठ असावेत, द्विमान पद्धतीत पाच-पन्नास संख्या लिहून पाहाव्यात, आणि गणिती विगमनाची चार-सहा उदाहरणे समजून सोडवावीत. विगमन आणि स्वतःलाच हाक मारणारी आज्ञावली ही एकाच विचाराची दोन रूपे आहेत. पहिले आले की दुसऱ्याचे भय राहत नाही.

इंग्रजीचा बाऊ मात्र वेगळा काढून पाहिला पाहिजे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ पासून मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीची पदवी देण्याची वाट मोकळी केली. तरी बहुतेक वर्गांतून व ग्रंथांतून इंग्रजीच चालते. आज्ञावलीची भाषा हे त्यातील खरे दुखणे नव्हे. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणित रूपात राखीव शब्द अवघे ३२ आहेत. ते एका आठवड्यात अंगवळणी पडतात. अडचण येते ती प्रश्नाचे शब्दांकन वाचताना आणि यंत्राने दाखविलेला चुकीचा संदेश वाचताना. तेव्हा सुट्टीत एखादे इंग्रजी पाठ्यपुस्तक घेऊन त्याची पहिली तीन प्रकरणे सावकाश वाचावीत आणि प्रत्येक उदाहरणाचा प्रश्न स्वतःच्या भाषेत पुन्हा लिहावा : काय दिले आहे, काय काढावयाचे आहे, कोणत्या अटी आहेत. ज्याला हे लिहिता येत नाही त्याचा प्रश्नच त्याला समजलेला नसतो, मग त्याचे इंग्रजी कितीही सफाईदार असो.

यंत्राविषयी थोडे. भारी लॅपटॉप पहिल्या वर्षी लागत नाही; जुनाही चालतो, महाविद्यालयाची प्रयोगशाळाही पुरते. पण ज्यांचा आजवरचा सारा संबंध मोबाइल फोनशीच आला आहे, त्यांना एक गोष्ट शिकावी लागेल. फोन आपल्या फाइली कोठे ठेवतो हे सहसा दाखवीत नाही. फाइल म्हणजे काय, ती कोणत्या फोल्डरात आहे, तिथपर्यंतचा मार्ग कसा लिहितात आणि तिची प्रत दुसरीकडे कशी ठेवतात, हे एका दुपारचे काम आहे. ते आधी झाले नाही, तर पहिल्या प्रात्यक्षिकाचा सारा वेळ हरवलेली फाइल शोधण्यात जातो. दहा बोटांनी टंकलेखन येत असेल तर उत्तमच.

२०२२ च्या अखेरीपासून एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. वाक्यात मागणी केली असता आज्ञावली लिहून देणारी साधने कोणालाही वापरता येऊ लागली आहेत, आणि पहिल्या सत्रातील बहुतेक स्वाध्याय ती क्षणार्धात सोडवितात. मग हे शिकावेच कशाला, असे विद्यार्थी आणि पालक दोघेही विचारतात. त्यांनी वर सांगितलेली शोधण्याची रीत पुन्हा आठवावी. नऊ वर्षे जगाने वापरलेल्या आज्ञावलीतही दोष असू शकतो. हाती आलेली आज्ञावली बरोबर आहे की नाही हे तपासण्याचे काम त्यामुळे उरतेच, आणि ज्याने कधी दहा ओळीही स्वतः कागदावर चालविल्या नाहीत त्याला ते जमणार नाही. या साधनांना समजावून सांगण्यास जरूर सांगावे. स्वाध्याय मात्र आधी स्वतः सोडवावा.

सुट्टीतील रोजचा एक तास या सर्वाला पुरेसा आहे. एखादी रीत शब्दांत लिहावी, ती न समजणाऱ्या धाकट्या भावंडाच्या हाती द्यावी आणि ते कोठे अडते हे निमूटपणे पाहावे. उरलेल्या दिवसांत पायथनची थोडी ओळख करून घेण्यासही हरकत नाही.

शेवटी प्रयोगशाळेविषयी एक व्यावहारिक सूचना. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी एका यंत्रापुढे दोघांना बसवितात. अशा जोडीत ज्याला सवय आहे तो कळफलक आपल्याकडे ओढून घेतो. दुसरा वहीत उतरवून घेत राहतो आणि सत्र संपेपर्यंत उतरवीतच राहतो. यात पहिल्याचा दुष्ट हेतू नसतो, त्याला घाई असते एवढेच. तेव्हा पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे, की दर पंधरा मिनिटांनी कळफलक दुसऱ्याच्या हाती जाईल, मग तो कितीही हळू का टंकलिखित करीना.